लांबडं गाणं

मला सत्कारांचा राग आहे. शालीचा नाही, नारळाचा नाही, हारातल्या फुलांचा तर मुळीच नाही. सत्कार करायला जी माणसं लगबगीने उठतात, त्यांचा आहे. हा राग मला अकोल्यात एका रविवारी दुपारी आला आणि पंचाहत्तरी उलटली तरी गेलेला नाही. घरातले म्हणतात, आता तरी सोड. सोडायला मी काही तो मुठीत धरून बसलेली नाही. तो आपला आहे तिथे आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. मी अमरावतीला राजापेठेत भावाकडे राहत होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. संध्याकाळी गिरणी बंद झाली की तिच्या मागच्या खोलीत चार पोरं जमायची. पोरं म्हणजे माझ्याच वयाची, पण मी शिक्षिका असल्यामुळे मला सगळेच पोरं वाटायचे. एकाकडे गिटार होती आणि तिचा आवाज रेडिओच्या जुन्या डब्यातून काढायची काहीतरी करामत त्याने स्वतःच केली होती. दुसरा पेटी वाजवायचा, तिसरा ढोल. चौथा लग्नाच्या बँडपार्टीतला क्लॅरिनेटवाला होता. घरातली तीन पिढ्यांची वरात सोडून तो इथे येऊन बसायचा, म्हणून त्याचे वडील गल्लीत उभे राहून शिव्या घालायचे.

सुरुवातीला मीही कपाळाला आठ्या घालूनच वह्या तपासायची. भिंतीतून डब्याची घरघर यायची, मग गिटार किंचाळायची. पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं की हे लोक रोज एकच गाणं वाजवतात आणि ते संपतच नाही. शब्द नव्हते, कडवं नव्हतं, धृपद नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या भाच्याने मला ऐट करून सांगितलं की विलायतेत असल्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. आम्ही राजापेठेत त्याला लांबडं गाणं म्हणायचो.

मूर्तिजापूरहून जी छोटी गाडी सुटते, तिच्या ठेक्यावर ते सुरू व्हायचं. ढोल गाडीच्या चाकासारखा चालायचा, पेटी एकच सूर धरून बसायची, आणि क्लॅरिनेट खिडकीतून बाहेर बघत असल्यासारखी इकडे तिकडे भटकायची. मग गिटार यायची आणि सगळं चढत जायचं. इतकं चढायचं की माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबायची. आणि मग, एकदम, गाडी थांबायची. काही नाही. नुसती शांतता.

त्या शांततेच्या पुढे काय होतं, ते मला कधी कळलं नाही. कारण दर संध्याकाळी ते लोक पहिल्यापासून सुरू करायचे आणि थांबण्याच्या जागेपर्यंत पोचायचे, तोवर गिरणीवाल्याच्या घरात ताटं पडायची आणि तो दारावर थाप मारायचा. पुढचा अर्धा भाग ते रविवारी वलगावला बसवायचे. गिटारवाला तिथलाच, त्याच्या शेतात मोटारपंपाच्या खोलीत वीज होती. रविवारी वलगावच्या पंपाच्या खोलीत चार पोरांचं गाणं ऐकायला एकटीने जाणं त्या काळात माझ्यासारखीला शक्य नव्हतं. म्हणजे माझं लांबडं गाणं अर्धंच होतं.

एका संध्याकाळी गिटारवाला ओट्याशी येऊन अदबीने उभा राहिला. म्हणाला, "ताई, आवाजाचा तरास होत असन तं सांगा बरं. आमी दार लावून घेतो."

"आवाजाचा नाई होत," मी म्हटलं. "तुमी रोज अर्ध्यावर सोडता, त्याचा होते."

 तो हसला आणि म्हणाला की अकोल्याला मेळावा आहे, तिथे ते सबंध वाजवणार आहेत. पहिल्यांदाच, आणि बहुतेक शेवटचंच, कारण पेटीवाल्याला भिलाईला नोकरी लागली होती आणि मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी तो निघणार होता. पेटीशिवाय ते गाणं उभं राहत नव्हतं. म्हणजे मला ते सबंध ऐकायचं असेल, तर ही एकच संधी होती. मी त्याच क्षणी ठरवलं की जायचं.

दादाला सांगितलं तर तो ताटावरून उठायचाच बाकी राहिला. "विजेवरची पेटी ऐकायले अकोल्याले जाशीन तू?" असं तीनदा विचारलं. तेव्हा वहिनी मध्ये पडली. तिचं माहेर अकोल्याचं. तिने शांतपणे सांगितलं की मी माहेरी जाते, वन्संना सोबत नेते, आणि तुम्ही दोन दिवस खानावळीत जेवा. वहिनीला गाण्याबिण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या लांबड्या गाण्याला ती बिघडलेली शिलाई मशीन म्हणायची. पण तिला माहेरी जायचं होतं आणि मला अकोल्याला, तेव्हा आमचं जमलं.

मेळावा एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होता. दाराशी हाताने रंगवलेला फलक होता: आधुनिक विद्युत-वाद्य संगीत मेळावा. तीन पार्ट्या होत्या. एक नागपूरच्या कॉलेजातली, एक अकोल्याची, आणि आमची. माणसं फार नव्हती. पुढच्या रांगांत प्रतिष्ठित, मागे कॉलेजची पोरं, आणि बायका म्हणाल तर वहिनी आणि मी. मला मात्र लग्नाला आल्यासारखा आनंद झाला होता. स्टेजच्या कोपऱ्यात तो रेडिओचा डबा दिसला तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

संस्थेचे सचिव वकील होते. अंगावर पांढरा कोट, मनगटावर घड्याळ, आणि बोलणं असं की जणू पुण्याहून परवाच आले. आम्ही दोघी दिसताच ते पुढे आले. ओवाळायला सुवासिनी हवी होती, ती वहिनीच्या रूपाने मिळाली. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तर त्यांचा चेहराच उजळला. राष्ट्रगीत म्हणणाऱ्या मुली परीक्षेमुळे येणार नव्हत्या, तेव्हा शेवटी मी ते सुरू करून द्यावं, अशी त्यांनी विनंती केली. त्याबद्दल मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळत होती, स्टेजपासून हाताच्या अंतरावर. मी आनंदाने हो म्हटलं.

मग कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे संगीत सोडून सगळं सुरू झालं. एकाने उठून सूचना मांडली की अमुक साहेबांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं. ते साहेब त्याच खुर्चीत आधीपासून बसले होते. दुसऱ्याने उठून त्या सूचनेला अनुमोदन दिलं. मग समई पेटेना, म्हणून पंखे बंद केले. मग प्रास्ताविक. मग पाहुण्यांचा परिचय, त्यांचं शिक्षण, त्यांच्या वडिलांची थोरवी. मग हार. अध्यक्षांना, प्रमुख पाहुण्यांना, विशेष पाहुण्यांना, सभागृह देणाऱ्यांना, सभागृह झाडून घेणाऱ्यांच्या मुकादमाला सोडून बाकी सगळ्यांना. मग मनोगतं. अध्यक्षांनी बालपणी ऐकलेल्या सनईची आठवण सांगितली आणि विजेच्या वाद्यांनी तरुण पिढी कशी बिघडते ते उदाहरणांसह पटवून दिलं. ज्यांच्या मेळाव्याला आलो त्यांनाच बोल लावायचे आणि वर त्यांच्याच हातचा हार घालून घ्यायचा, हे मला आजही कळत नाही.

वाजवणारे बिचारे स्टेजच्या मागे सतरंजीवर बसून होते. पडद्याच्या फटीतून मला क्लॅरिनेटवाला दिसत होता. तो हातरुमालाने क्लॅरिनेट पुसत होता, पुन्हा पुन्हा, चकचकीत झालेली.

शेवटी एकदाचं संगीत सुरू झालं. नागपूरकरांनी सिनेमातल्या चाली झकास वाजवल्या. अकोलेकरांच्या अ‍ॅकॉर्डियनला लोकांनी वन्स मोअर दिला. सगळं ठीक चाललं होतं, पण सचिवांची नजर घड्याळावरून हलत नव्हती, कारण अध्यक्षांचा पुढे दुसरीकडे सत्कार होता. आमच्या चौघांना स्टेजवर बोलावलं तेव्हा सचिवांनी माइकवर सांगितलं, "थोडक्यात आटोपावं." लांबड्या गाण्याला थोडक्यात!

त्यांनी सुरू केलं. भिंतीतून ऐकणं आणि समोरून ऐकणं यात केवढा फरक असतो, ते मला तेव्हा कळलं. ढोल माझ्या खुर्चीच्या पायांतून वर यायला लागला. पेटीवाला डोळे मिटून बसला होता, उद्या भिलाईला जाणारा माणूस. क्लॅरिनेट भटकायला लागली आणि मागच्या पोरांची कुजबुज थांबली. वहिनीसुद्धा पदराचं टोक चाळवायची थांबली. गिटार चढत गेली, चढत गेली. मी खुर्चीचे हात धरून बसले होते. मला ती जागा पाठ होती. आता थांबेल, मी मनात म्हटलं, आणि मग मला पुढचं ऐकायला मिळेल.

आणि गाडी थांबली. चौघेही स्तब्ध. गिटारवाल्याचा हात तारांच्या वर, हवेत. डबा हलकेच गुणगुणत होता. ती शांतता ठेवायला त्यांना उन्हाळाभर मेहनत पडली असेल.

सचिव टाळ्या वाजवत उठले.

वऱ्हाडात जन्मलेला माणूस! छोटी गाडी वाटेत थांबते हे ज्याला माहीत नाही असं एक पोर आमच्याकडे सापडायचं नाही. सिग्नल नाही म्हणून थांबते, म्हैस आडवी आली म्हणून थांबते, ड्रायव्हरला पाणी प्यायचं म्हणून थांबते. ती थांबली म्हणजे गाव आलं असं समजून कोणी बोचकं घेऊन उतरतो का? पण सचिव उठले, म्हणून पहिली रांग उठली. पहिली रांग टाळ्या वाजवते म्हणून मागच्यांनीही वाजवल्या. हारांचं तबक आधीच तयार होतं. गिटारवाल्याने मान हलवून नाही नाही म्हटलं, मी स्वतः पाहिलं. पण अध्यक्ष हार घेऊन समोर येऊन ठेपले आणि त्याची मान खाली गेली. हार गळ्यात पडला. मग पेटीवाल्याच्या, मग ढोलवाल्याच्या. क्लॅरिनेटवाल्याला क्लॅरिनेट कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून त्याने ती काखेत धरली आणि नारळ हातात घेतला.

सचिवांनी तिथेच उभ्या उभ्या आभार मानले. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, विजेच्या खात्याचे. मग माझ्याकडे वळून हसून म्हणाले, "हं, ताई. करा सुरुवात."

मी उठले नाही. "गाणं संपलेलं नाही," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी लाजते आहे. "लाजू नका. सगळे म्हणतीलच तुमच्यासोबत."

"ते संपलेलं नाही. ते थांबलं आहे. अजून अर्धं बाकी आहे," मी जरा मोठ्याने म्हटलं.  पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे वळून असं पाहिलं, जणू मी वरातीत रडायला लागले आहे. सचिवांनी अध्यक्षांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि स्वतःच राष्ट्रगीत सुरू केलं. इतक्या वरच्या पट्टीत सुरू केलं की शेवटी शेवटी सगळ्यांचीच दमछाक झाली.

मी उभी राहिले. उभं राहावंच लागतं. स्टेजवर ते चौघेही ताठ उभे होते, गळ्यात हार. गिटारवाल्याने तारा वाजू नयेत म्हणून त्यांच्यावर तळहात दाबून धरला होता. त्या तळहाताकडे बघत मी सगळं राष्ट्रगीत म्हटलं. इतकी चिडलेली मी आयुष्यात त्याआधी कधी नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर मी सचिवांना जिन्यात गाठलं आणि म्हटलं की पाहुणे गेले आहेत, आता तरी त्यांना उरलेलं वाजवू द्या, ऐकणारे थांबतील. मागची कॉलेजची पोरं खरोखरच घोटाळत होती. सचिव अजिबात रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते गोड हसून म्हणाले, "ताई, राष्ट्रगीतानंतर वाजवणं बरं दिसत नाही. आपण शिक्षिका आहात, आपल्याला मी काय सांगावं." आणि तबकातला उरलेला एक गुलाब त्यांनी माझ्या हातात दिला. तो मी त्यांच्या देखत जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि खाली उतरले. वहिनी मागून म्हणाली, एवढं चांगलं फूल सोडून आल्या. 

वहिनीचा माहेरचा मुक्काम माझ्या डोक्यामुळे आटोपता झाला. मी घुश्शातच होते, तिथे कुणाशी धड बोलले नसते, ते तिने ओळखलं. संध्याकाळच्या पॅसेंजरने आम्ही परत निघालो, तर डब्यात समोरच्या बाकावर तेच चौघे. मधे रेडिओचा डबा, त्यावर हार गुंडाळून ठेवलेले. आणि ते हसत होते. सचिवांची नक्कल करत होते, अध्यक्षांची सनई तोंडाने वाजवत होते. मला त्या हसण्याचा संताप आला. माझं जे गेलं ते त्यांचंही गेलं होतं, आणि हे खिदळत होते.

मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ उभी राहिली. पलीकडच्या रुळावर छोटी गाडी लागलेली होती. क्लॅरिनेटवाल्याने सत्काराचे नारळ काढले. वहिनीने एक नारळ त्याच्या हातातून घेतला, दाराच्या लोखंडी पायरीवर आपटून फोडला आणि सगळ्यांना वाटला. मी तुकडा घेतला नाही. वहिनीने माझा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, चावला, आणि गिटारवाल्याकडे वळून विचारलं, "काय हो भाऊ, ते मधात थांबले होते तुमी, मंग समोर काय होतं?"

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. बिघडलेली शिलाई मशीन म्हणणारी वहिनी विचारत होती.

"सांगून नाई समजत वैनी," तो म्हणाला. "वाजवावं लागते."

"मंग वाजवा."

त्याने डब्यावर थाप मारली आणि वीज कुठे आहे, असा हात केला. तोंडाने म्हणा, वहिनी म्हणाली. तो नुसताच हसला आणि खोबरं खात राहिला. तेव्हा माझ्याने राहवलं नाही. दुपारपासून पोटात जे होतं ते सगळं त्याच्यावर निघालं. "तुमी मान कावून वाकवली?" मी विचारलं. "ते राष्ट्रगीत मागून आलं. त्याच्या आधी हार आला होता. तवा तुमी मान कावून वाकवली?"

 पेटीवाला खिडकीबाहेर बघायला लागला. गिटारवाल्याने खोबऱ्याचा तुकडा बाजूला ठेवला.

"हार समोर आला का मान खाली जाते, ताई," तो म्हणाला. "इचार यायच्या आधीच जाते. तुमी नाई म्हटलं, ते आयकलं मी. पण तवर हार गळ्यात होता."

मग गाडी सुटली. बडनेऱ्याला उतरून आम्ही अमरावतीच्या गाडीत बसलो.

पेटीवाला दुसऱ्या दिवशी भिलाईला गेला. क्लॅरिनेटवाला वडिलांच्या वरातीत परत गेला, आणि गल्लीतल्या शिव्या थांबल्या. गिरणीच्या मागच्या खोलीत कोंड्याची पोती आली. गिटारवाला वलगावला शेती बघायला लागला. बाजारात एकदोनदा दिसला, आम्ही एकमेकांना नमस्कार केला. त्या गाण्याचं पुढे काय होतं, ते मी त्याला पुन्हा विचारलं नाही. तोंडाने सांगितलेलं मला नकोच होतं.

मी मात्र एक सवय लावून घेतली. शाळेत स्नेहसंमेलन असो, बक्षीस समारंभ असो, राष्ट्रगीत सुरू करायचं काम माझ्याकडेच असायचं. सुरू करण्याआधी मी स्टेजकडे वळून मोठ्याने विचारायची, "कुणाचं काही राहिलं आहे का?" आणि थांबायची. मुख्याध्यापिकांना ते आवडायचं नाही, पाहुणे चुळबुळ करायचे. मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. माझ्या माघारी त्या माझी हीच नक्कल करतात, हे मला माहीत होतं. करू देत. पण एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने खरंच हात वर केला. नाचात तिची शेवटची गिरकी राहिली होती, कारण रेकॉर्ड लवकर बंद केली होती. मी सगळ्यांना उभं ठेवलं आणि तिला ती गिरकी घ्यायला लावली.

मी निवृत्त झाले तेव्हा अर्थातच माझा सत्कार ठेवला. मी नको म्हटलं ते कोण ऐकतो. अध्यक्ष हार घेऊन समोर आले, आणि माझी मान खाली जायला लागलेली मला कळली. मी ती तिथेच रोखली आणि हार हातात घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आभार मानणाऱ्याने बाईंच्या विनयाचा खास उल्लेख केला.

शेवटी राष्ट्रगीत मीच सुरू करावं, असा सगळ्यांचा आग्रह पडला. मी उठले, स्टेजकडे वळले आणि विचारलं, "कुणाचं काही राहिलं आहे का?" सभागृह खदखदून हसलं. बाईंचा तो प्रश्न सगळ्यांना पाठ होता. त्यांचं हसणं ओसरेपर्यंत मी थांबले, त्यानंतरही जरा थांबले. कोणी काही बोललं नाही. मग मी राष्ट्रगीत सुरू केलं, सगळ्यांना झेपेल अशा खालच्या पट्टीत.